हॅरी, फ्रोडो आणि कर्ण: वीरकथेच्या साच्यात आजचा नायक किती बसतो?

शोधयात्री

(कथांचे शेवट खाली उघड केले आहेत. ज्यांचं वाचायचं राहिलंय त्यांनी जपून.)

माझ्या बारा वर्षांच्या भाचीने हॅरी पॉटरचा सातवा भाग संपवला आणि दुसऱ्या दिवशी मला विचारलं, "मावशी, हा कृष्णच ना गं? लहानपणीच कोणीतरी मारायला टपलेलं, मग रातोरात उचलून दुसऱ्यांच्या घरी, आणि मोठं झाल्यावर त्यालाच संपवायचं." मी हो म्हणून मोकळी होणार होते. पण प्रश्न डोक्यात राहिला, आणि जुनी टिपणं काढून बसले.

हा प्रश्न विचारणारी ती पहिली नाही. १९०९ साली ऑटो रँक या, मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडच्या शिष्याने डझनभराहून अधिक वीरांच्या जन्मकथा शेजारी ठेवून पाहिल्या. थोर घरात जन्म, जन्माआधीच संकट, पेटीत घालून पाण्यात सोडणं, गरिबाघरी वाढणं, आणि शेवटी खऱ्या कुळाची ओळख पटणं. त्याच्या यादीत ज्यूंचा मोझेस आहे, ग्रीकांचा ईडिपस आहे, आणि आपला कर्णही आहे. मग १९३६ मध्ये लॉर्ड रॅगलन या इंग्रज अभ्यासकाने २२ खुणांची मोजपट्टी केली. ती फक्त जन्मापाशी थांबत नाही, मरणापर्यंत जाते: आई राजकन्या, बाप राजा, मुलाला मारायचा प्रयत्न, दूर देशी पालक आईबाप, बालपणाबद्दल काहीच माहिती नाही, तरुणपणी परत येणं, राक्षसावर किंवा राजावर विजय, राजकन्येशी लग्न, राज्य, कायदे घालून देणं, मग देवांची किंवा प्रजेची मर्जी उतरणं, हद्दपारी, गूढ मृत्यू, बहुधा टेकडीवर. ग्रीक वीर थीसियस आणि मोझेस यांना त्याने २० गुण दिले, रॉबिन हुडला १३.

मी हॅरीला या पट्टीवर मोजलं. जन्माच्या खुणा तोकड्या पडतात, कारण आई राजकन्या नाही आणि बापही राजा नाही. पण पुढची ओळ पाहा. भविष्यवाणीमुळे दुष्ट जादूगार व्हॉल्डेमॉर्ट सव्वा वर्षाच्या पोराला मारायला येतो, त्या रात्रीच पोर उचलून दूर नेलं जातं, मावशीच्या घरी वाढतं. बालपणाबद्दल काही न सांगण्याची खूण तर मला सगळ्यांत सुंदर वाटली. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी मूल उंबऱ्यावर झोपलेलं आहे, दुसरं उघडतं तेव्हा जवळजवळ दहा वर्षं उलटलेली आहेत. रॅगलन म्हणतो तसंच, कथेला बालपण नकोच असतं. मग अकराव्या वर्षी आपल्या खऱ्या जगात परतणं, आणि तळघरातल्या महासर्पावर विजय.

इथवर सगळं जुळतं. इथून पुढे मात्र क्रम उलटतो. रॅगलनच्या वीराला आधी विजय, मग लग्न, मग राज्य, आणि शेवटी उतरती कळा आणि मरण. हॅरीला लोकांची नाराजी (दुसऱ्या भागात आणि पाचव्या भागात), हद्दपारी (सातव्यात देशभर त्याचा शोध चाललेला) आणि मरण हे सगळं विजयाच्या आधी येतं. तो जंगलात मरायला चालत जातो, आणि खरी लढाई त्यानंतर जिंकतो. राज्य तर नाहीच. सर्वांत बलवान जादूची छडी त्याच्या मालकीची होते तेव्हा तो ती परत थडग्यात ठेवायचं ठरवतो. ओढूनताणून मोजले तर त्याला दहाएक गुण पडतात.

माझं म्हणणं असं: आजचा नायक पौराणिक साच्याचा पूर्वार्ध जसाच्या तसा उचलतो आणि उत्तरार्ध नाकारतो. जन्म त्याला जुन्यांचा हवा असतो, सिंहासन नको असतं. हे सिंहासन नाकारणं म्हणजेच त्याचं आधुनिकपण. तुम्हाला काय वाटतं?

पाणकळा

धागा आवडला, पण शेवटच्या वाक्याशी सहमत नाही. तुमच्या भाचीने ज्याचं नाव घेतलं त्याच्याकडेच बघा. कृष्णाने कंसाला मारलं आणि गादीवर कोण बसलं? उग्रसेन. कृष्ण मथुरेच्या सिंहासनावर कधीच बसला नाही. राज्य नाकारणं आधुनिक कसं म्हणायचं?

आणि बालपणाची खूण आपल्याकडे सपशेल खोटी ठरते. रॅगलनच्या वीराचं बालपण कोरं असतं, कृष्णाचं बालपण म्हणजेच लोकांनी धरून ठेवलेला कृष्ण. लोणी, यशोदेने उखळाला बांधणं, कालिया, गोवर्धन. दहा वर्षं एका ओळीत गुंडाळली असती तर आपल्या हाती काय उरलं असतं?

उलट तुम्ही ज्याला उत्तरार्ध म्हणता तो कृष्णाला पुरेपूर लागू होतो. गांधारीचा शाप, यादवांचा आपसात नाश, प्रभासच्या रानात जरा नावाच्या व्याधाचा तळपायात घुसलेला बाण, समुद्राखाली गेलेली द्वारका. मर्जी उतरणं, गूढ मृत्यू, बुडालेलं नगर, सगळं आहे. आपल्या कथा नायकाला म्हातारा होऊ देतात आणि मरूही देतात. हॅरीची कथा तेवढं धाडस करत नाही. एकोणीस वर्षांनंतर मुलांना आगगाडीत बसवून देण्यापाशी ती थांबते.

रातवा

+१. म्हातारा कृष्ण हा माझ्या मते महाभारतातला सर्वांत एकटा माणूस.

शोधयात्री

पाणकळा, उग्रसेन माझ्या लक्षातच आला नाही. चूक मान्य.

पण एक फरक दिसतो. भागवतात कृष्ण उग्रसेनाला गादीवर बसवताना कारण देतो: ययातीच्या शापामुळे यदुवंशीयांनी सिंहासनावर बसायचं नाही. म्हणजे नकार त्याच्या स्वभावातला असला तरी कारण कुळाचं आहे, बंधन बाहेरून आलेलं आहे. हॅरीवर असं बंधन नाही. त्याला ती छडी ठेवता आली असती, कोणी विचारलं नसतं. कारण बाहेरचं की आतलं, हा फरक मला अजूनही महत्त्वाचा वाटतो. पण "सिंहासन नाकारणं म्हणजे आधुनिक" हे वाक्य मी मागे घेते.

दगडफूल

मला या सगळ्या मोजणीबद्दलच शंका आहे, आणि ती मनापासून मांडतो.

रॅगलनच्या खुणा नीट वाचा. त्यात "बहुधा", "किंवा", "असल्यास" हे शब्द ठासून भरलेत. राजा किंवा राक्षस किंवा श्वापद, कोणावरही विजय चालतो. देवांची किंवा प्रजेची मर्जी. एवढी मोकळीक दिली की कोणीही बसतं. १९६५ मध्ये फ्रान्सिस ली अटली या अमेरिकन लोकसाहित्याच्या अभ्यासकाने याच पट्टीवर अब्राहम लिंकनला मोजून दाखवलं, आणि लिंकनला भरघोस गुण मिळाले. रॅगलनचा दावा असा होता की ज्याला जास्त गुण पडतात तो इतिहासातला माणूस नव्हे, विधींमधून जन्मलेला. मग लिंकनही झालाच नाही म्हणायचं का?

दुसरी अडचण आजच्या कथांची. १९४९ मध्ये जोसेफ कॅम्बेल या पुराणकथांच्या अमेरिकन अभ्यासकाने सगळ्या वीरकथांची एकच वाट सांगितली: घरातून निघणं, अग्निपरीक्षा, परत येणं. १९७७ मध्ये आलेल्या 'स्टार वॉर्स' या अंतराळयुद्धाच्या चित्रपटाच्या दिग्दर्शकाने, जॉर्ज लुकसने, कॅम्बेलचं ऋण उघड मानलं. पुढे १९८० च्या दशकात ख्रिस्तोफर व्होगलरने त्या वाटेचे सुटसुटीत टप्पे करून हॉलिवूडच्या पटकथाकारांच्या हाती दिले. म्हणजे त्यानंतरचे पुष्कळ नायक साच्यात बसतात कारण ते साचा समोर ठेवूनच घडवलेले आहेत. घडा कुंभाराच्या चाकावर गोल झाला, तर गोलपणा मातीचा गुण समजू नये.

म्हणून तपासायचं असेल तर लुकसच्या आधीचं काहीतरी घ्या.

शेवाळवाट

दगडफूल म्हणतात तसं आधीचं घेऊ. १९५४-५५ मध्ये आलेली अंगठीची कथा, टॉल्किनची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'. मी ती तीनदा वाचली आहे आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट नव्याने दिसते: तिच्यात साच्यातला नायक आहे, पण तो नायक नाही.

अ‍ॅरागॉर्न बघा. दोन वर्षांचा असताना बाप मारला जातो. मुलाला दूर एल्फांच्या घरी लपवून वाढवतात, नावसुद्धा बदलून. विसाव्या वर्षी त्याला त्याचं खरं कुळ सांगितलं जातं. मग वर्षानुवर्षं वणवण, विजय, राजकन्येशी लग्न, राज्याभिषेक. रँक आणि रॅगलन दोघांनी पाठ थोपटली असती. आणि लेखकाने या माणसाला कथेच्या कडेला ठेवलं.

मध्यभागी कोण? फ्रोडो. आईबाप नदीत बुडून गेले तेव्हा तो बारा वर्षांचा. नातलग बिल्बोने दत्तक घेतला, पण त्यात कुठलं गुपित नाही. त्याला कुठल्या राजाचं रक्त नाही, कोणी त्याला मारायला पाळण्यापाशी आलेलं नाही. घर सोडतो तेव्हा पन्नास वर्षांचा आहे. आणि तो काही मिळवायला निघत नाही, टाकायला निघतो. आजवरचे वीर अमृत, सुवर्णलोकर, अग्नी, असं काहीतरी आणायला गेले. हा माणूस जगातली सर्वांत बलवान वस्तू, ती अंगठी, नष्ट करायला चाललाय.

आणि शेवटी तो हरतो. हे लोक विसरतात म्हणून पुन्हा लिहितो. ज्वालामुखीच्या काठावर फ्रोडो अंगठी टाकत नाही, ती आपली म्हणतो. त्या अंगठीपायी वेडा झालेला गॉलम त्याचं बोट चावून तोडतो आणि तोल जाऊन अंगठीसकट पडतो, म्हणून जग वाचतं. पूर्वी त्या दोघांनी, म्हणजे बिल्बोने आणि फ्रोडोने, गॉलमला जिवंत सोडलं होतं, ती दया तिथे कामाला आली. वीराची तलवार तिथे काहीच करत नाही.

गावी परतल्यावर त्याला फारसं कोणी विचारतही नाही. मान मिळतो तो त्याच्या सोबत्यांना. जखम भरत नाही, आणि दोन वर्षांनी तो जहाजात बसून निघून जातो. कॅम्बेलच्या वाटेवर वीर परत येताना लोकांसाठी वरदान आणतो. फ्रोडोने वरदान आणलं, पण त्याला स्वतःला त्यातलं काही भोगता आलं नाही. पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या माणसाने हे लिहिलंय, हे वाचताना कधी विसरता येत नाही.

म्हणून माझ्या मते प्रश्न "नायक किती बसतो" हा नाही. साच्यात बसणारा माणूस कथेत कुठे उभा केलाय, ते बघायला हवं.

रातवा

हॅरीच्या कथेतही हे आहेच की. हॅरीचा वर्गमित्र नेव्हिल! भविष्यवाणीतलं वर्णन त्यालाही लागू होत होतं. सातवा महिना सरताना जन्म, आईबाप तीन वेळा त्या दुष्टाला तोंड दिलेले. व्हॉल्डेमॉर्टने एकाला निवडलं आणि निवडून खूण केली, म्हणून हॅरी नायक झाला. कंसाने आकाशवाणीवर विश्वास ठेवला नसता तर देवकी-वसुदेव कारागृहात नसते आणि कृष्ण गोकुळात गेलाच नसता. शत्रूची भीतीच वीराला घडवते. आणि शेवटच्या लढाईत नागिणीला कोण मारतं? न निवडला गेलेला.

सावलीचं_झाड

इथे एकाही प्रतिसादात स्त्री नाही, म्हणून लिहिते आहे.

जन्मकथा आमच्याही आहेत. शकुंतला रानात टाकलेली, पक्ष्यांनी राखलेली, कण्वांनी वाढवलेली. रँकच्या साच्यात तंतोतंत. सीता नांगराच्या फाळाखाली सापडलेली. पण पुढचा प्रवास दुसऱ्यांना दिला जातो.

रॅगलनच्या उत्तरार्धाकडे मात्र नीट बघा. प्रजेची मर्जी उतरते, नगरातून हद्दपारी होते, गूढ अंत होतो, देह पुरला किंवा जाळला जात नाही. रामायणात हे कोणाला घडतं? सीतेला. लोकापवाद तिच्यावर, वनवास दुसऱ्यांदा तिला, आणि शेवटी धरणी दुभंगते आणि ती आत जाते. राज्य रामाने केलं, राज्य गमावण्याच्या खुणा सीतेने सोसल्या. वीराच्या वाट्याचं अर्धं दुःख साच्याने बायकोच्या अंगावर टाकलंय. मला हे पहिल्यांदा जाणवलं तेव्हा दिवसभर दुसरं काही सुचलं नव्हतं.

मॉरीन मर्डॉक या अमेरिकन लेखिकेने १९९० मध्ये नायिकेच्या प्रवासाचा वेगळा आराखडा मांडला तो कॅम्बेलच्या वाटेत बाईला चालायला जागा नाही, हे जाणवल्यामुळेच. आजच्या कथांत मुली तलवार घेऊन निघतात याचा आनंद आहे, पण बऱ्याचदा नायकाचं नाव खोडून मुलीचं घातलंय एवढंच होतं. सीतेची वाट धरून, तिच्याच बाजूने लिहिलेली नवी अद्भुतकथा मला वाचायची आहे.

शोधयात्री

सावलीचं_झाड, ही मांडणी मी कुठेच वाचलेली नव्हती. खुणा पुन्हा एकेक लावून बघितल्या. तुम्ही म्हणता तसंच आहे.

पाणकळा

गुरूबद्दल कोणी बोललं नाही. कॅम्बेलच्या वाटेवर म्हातारा मार्गदर्शक येतो आणि देतो: शस्त्र, ताईत, सल्ला. आपल्याकडचे गुरू घेतातही. द्रोणांनी न शिकवलेल्या एकलव्याचा अंगठा घेतला. परशुरामांनी कर्णाला सगळं शिकवलं आणि खोटं उघडं पडल्यावर ऐन वेळी ब्रह्मास्त्र आठवणार नाही असा शाप दिला. हॅरीच्या शाळेचा मुख्याध्यापक डंबलडोर मला या बाजूचा वाटतो. हॅरीच्या आत शत्रूच्या आत्म्याचा तुकडा आहे आणि तो जायचा तर हॅरीला मरणाला सामोरं जावं लागेल, हे त्याला कळलेलं असतं, आणि तो ते मुलाला सांगत नाही. माया करतो आणि लपवतो. पाश्चात्त्य कथेत असा गुरू आला, याचं मला फार अप्रूप वाटलं होतं.

अक्षरवेल

उशिरा येते आहे, पण कर्णावर लिहिल्याशिवाय हा धागा सोडवत नाही. शोधयात्रीने पहिल्याच प्रतिसादात त्याचं नाव घेतलं आणि मग सगळे त्याला विसरले.

रँकने कर्णाला यादीत घेतलं कारण पेटी. अश्वनदीतून चर्मण्वतीत, तिथून यमुनेत, यमुनेतून गंगेत, आणि चंपानगरीपाशी अधिरथाच्या हाती. मोझेसची टोपली, अक्कडच्या सारगोन राजाची टोपली, तसंच हे. पण रँकचा सगळा अर्थ ज्या पायावर उभा आहे तो पाया कर्ण उखडून टाकतो.

रँक फ्रॉइडच्या अंगाने सांगतो की प्रत्येक मुलाला कधीतरी वाटतं, हे माझे खरे आईबाप नसावेत, माझे खरे कोणीतरी थोर असणार. वीरकथा ही इच्छा पुरी करते. हॅरीची कथा तर ती अगदी उघडपणे पुरी करते. जिन्याखालच्या फडताळात झोपणाऱ्या पोराला एक दिवस कळतं की तो त्या घरचा नाहीच, तो जादूगारांचा आहे आणि त्यांच्यात प्रसिद्धही आहे. पालक वाईट दाखवले म्हणजे त्यांना सोडताना मुलाला काही वाटायला नको. आपल्यालाही वाटत नाही.

आता उद्योगपर्व काढा. शिष्टाई फसल्यावर कृष्ण कर्णाला रथात घेतो आणि सांगतो, तू कुंतीचा थोरला. चल, पाच भाऊ तुझे पाय धरतील, राज्य तुझं. साच्यातला सर्वांत गोड क्षण हाच. इथेच आजचा नायक उठून उभा राहतो आणि संगीत वाजतं.

कर्ण नाही म्हणतो. आणि कारण काय देतो? अधिरथाने मला घरी आणलं तेव्हा माझ्यावरच्या मायेने राधेला पान्हा फुटला. तिने माझं मलमूत्र काढलं. अधिरथाने माझे संस्कार केले, नाव ठेवलं. ही नाती पृथ्वीच्या राज्यासाठी किंवा सोन्याच्या राशींसाठी तोडता येणार नाहीत. वर तो कृष्णाला विनवतो की हे युधिष्ठिराला सांगू नकोस, कळलं तर तो राज्य मला देईल आणि मी ते दुर्योधनाला देऊन बसेन.

आपल्या पिढ्यांच्या मनातला कर्ण बराचसा १९६७ च्या 'मृत्युंजय'मधून आलाय, म्हणून मी मुद्दाम मूळ पर्वातलं सांगते आहे. द्रौपदीच्या सभेतलं त्याचं बोलणंही मूळातच आहे आणि त्याला मी माफ करत नाही. पण या एका प्रसंगात त्याने जे केलं ते मला कुठल्याही आधुनिक अद्भुतकथेत दिसलं नाही. त्याला साचा उलगडून दाखवला गेला, त्यातली स्वतःची जागा दाखवली गेली, आणि तो म्हणाला, माझी आई राधा.

शोधयात्री, तुमचा मूळ मुद्दा मला पूर्ण चुकीचा वाटत नाही. नाकारणं महत्त्वाचं आहेच. फक्त हॅरी छडी नाकारतो, म्हणजे उत्तरार्ध नाकारतो. कर्ण पूर्वार्धच नाकारतो, थोर जन्मच नको म्हणतो. ते जास्त अवघड आहे.

दगडफूल

मी मोजणीच्या विरोधात लिहिलं होतं. आता म्हणेन की मोजणी उपयोगी आहे, पण गुणांसाठी नाही. पट्टी लावल्यावर जिथे माप चुकतं तिथे बोट ठेवायला. फ्रोडो अंगठी आपली म्हणतो तिथे, सीता धरणीत जाते तिथे, राधेचा पान्हा.

शोधयात्री

अक्षरवेल, तुमचा प्रतिसाद काल भाचीला वाचून दाखवला, मग उद्योगपर्वातला तो संवादही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण शेवटी त्यांना कळलंच असेल ना? धर्मराजाला?"

मी स्त्रीपर्व उघडलं. युद्ध संपलंय, गंगेकाठी सगळे मेलेल्यांना पाणी देतायत, आणि कुंती तेव्हा सांगते, कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ. ओळख पटण्याचा जो प्रसंग प्रत्येक वीरकथेत नायकाच्या डोक्यावर मुकुट ठेवतो, तो इथे ओंजळीत तर्पणाचं पाणी असताना येतो. भाचीने ती ओळ मला दोनदा वाचायला लावली आणि पुस्तक स्वतःच्या खोलीत घेऊन गेली.